खारतळ्याची बिनआवाजी गाडी

युसुफ कायमचा खारतळ्याला परत आला तेव्हा त्याच्या सामानात गुबगुबीत ब्लँकेटं होती, खजुराचे डबे होते, अत्तराच्या बाटल्या होत्या आणि एक बेत होता. ब्लँकेटं बहिणींनी नेली, खजूर मोहल्ल्याने संपवले, अत्तर मशिदीच्या पहिल्या रांगेत जिरलं. बेताला मात्र कुणाचा हात लागला नाही, कारण तो त्याने कुणाला सांगितलाच नव्हता.

बेत साधा होता. आपल्या बायकोला रोज सकाळी आपण स्वतः गाडीत बसवून रत्नागिरीला सोडायचं.

आता यात बेत कसला, असं कुणी म्हणेल. पण युसुफने वीसेक वर्षं कुवेतमध्ये एका कंपनीची बस चालवली होती. मल्याळी, मिसरी, फिलिपिनी, बंगाली, सगळ्या जगाला उजाडता कामावर सोडायचं आणि मावळता परत आणायचं. कोण कुठे उतरतो, कोण झोपेत थांबा चुकवतो, कोणाचं घरी भांडण झालंय, हे त्याला मागच्या आरशात नुसतं बघून समजायचं. आणि इकडे त्याची स्वतःची बायको खारतळ्याच्या फाट्यावर, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात छत्री धरून, एसटीची वाट बघत उभी असायची. हफीजा रत्नागिरीत मुलींच्या शाळेत शिवण शिकवत होती. लग्नानंतर दोन वर्षांनी लागली ती आजतागायत.

सुट्टीवर यायचा तेव्हा युसुफचा थाट असे. नवी चादर निघायची, कोंबडी कापली जायची, चहा बशीसकट यायचा. तो कायमचा परत आला तरी चादर निघतच राहिली, आणि चहा बशीसकट येतच राहिला. महिना झाला, दोन झाले. स्वतःच्या घरात काड्यापेटी कुठे असते हे त्याला विचारावं लागे, आणि विचारलं की हफीजा म्हणे, "तुम्ही बसा, मी देते." पहाटे उठून ती स्वयंपाक करी, फाट्यावर जाई, संध्याकाळी परतली की पोरींच्या काजबटणांचे नमुने तपासता तपासता पेंगू लागे. रविवारी कपडे. मुलगी झोया लग्न होऊन चिपळूणला गेलेली. घरात अम्मा, म्हणजे युसुफची आई, तिचा बहुतेक वेळ तसबीहची माळ ओढण्यात आणि आभाळाकडे बघण्यात जाई. नवराबायकोने निवांत बोलावं अशी जागा त्या दिवसात कुठेच उरली नव्हती. उरला होता तो फक्त रस्ता. खारतळे ते रत्नागिरी, गाडीने अर्धा-पाऊण तास. तेवढा युसुफला हवा होता.

गाडी त्याने विजेची घेतली याचं मात्र मोहल्ल्याला फार कोडं पडलं. जिथे पेट्रोल पाण्यासारखं मिळतं त्या देशातून परतलेला माणूस विजेवर चालणारी गाडी घेतो, म्हणजे उन्हात डोकं तापलं असणार. पण युसुफचं गणित वेगळं होतं. कुवेतच्या बसचं इंजिन त्याच्या उजव्या मांडीला चिकटून होतं. वीस वर्षांत शेजारी बसलेल्या माणसाचा एक शब्द त्याला धड ऐकू आला नव्हता. पुण्याच्या एका डॉक्टरांकडे अशी गाडी विकायची आहे, आणि ती चालताना पंख्याएवढाही आवाज करत नाही, असं त्याला कळलं, तेव्हा त्याने रंगही विचारला नाही.

रंग पोपटी निघाला. गाडी आंबा घाटातून टेम्पोत बसून आली. फाट्यावर तिला उतरवलं तेव्हा कुणबीवाडीचा भागोजी तिथे उभा होता. भागोजीला कुठलीही नवी वस्तू दिसली की तिच्या मुळापर्यंत गेल्याशिवाय चैन पडत नसे.

"गाडी दुसऱ्या गाडीत बसून आली?" त्याने विचारलं.

"लांबचा पल्ला होता. ही जवळच्या पल्ल्याची."

"म्हणजे माझ्या म्हशीसारखीच. पिते काय?"

"करंट. रात्री तारेने भरून ठेवायचा, दिवसा वापरायचा."

"पाण्याच्या टाकीसारखं."

"तसंच."

"मग गळते काय टाकी?"

युसुफने प्रामाणिकपणे विचार केला. "उभी राहिली तर थोडी गळते."

भागोजी वाकला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून गाडीच्या पोटाखाली बराच वेळ बघत राहिला. "खाली काय सांडलेलं दिसत नाय," तो उठून म्हणाला. "आणि आमच्याकडं करंट पाहुण्यासारखा येतो नि जातो. तेव्हा काय करायचं?"

"माफी मुश्किल," युसुफ म्हणाला. काही अडचण नाही, असं सांगायचा हा त्याचा कुवेती शब्द होता. पुढे पुढे मोहल्ल्याच्या लक्षात आलं की अडचण असली की तो हमखास हेच म्हणतो.

गाडी मोहल्ल्यात शिरली तेव्हा कुणालाच कळली नाही, आणि हीच तिची मोठी भानगड होती. कोंबड्या हलेनात. रस्त्याच्या मधोमध झोपलेला कुत्रा झोपलेलाच राहिला, युसुफला उतरून त्याला उठवावं लागलं. पडवीत बसलेल्या अम्माने मान वर केली तर समोर गाडी उभी. "ही चालू आहे की बंद?" तिने विचारलं. "चालू आहे," युसुफ म्हणाला. अम्माने कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "मेलेल्या माणसासारखी चालू आहे."

हफीजा संध्याकाळी आली. तिने गाडीला एक पूर्ण फेरी घातली, दार उघडलं, सीटच्या कडेवरून अंगठा फिरवला. "शिलाई बरी आहे," ती म्हणाली. मग सरळ उभी राहून तिने विचारलं, "आणि मी यातून जायचं?"

"रोज. मी सोडणार, मी आणणार."

हफीजाने गाडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या तोंडावर ईदच्या सकाळी पोरांच्या तोंडावर असतो तसला भाव होता. "आठवडाभर बघू," ती म्हणाली. नव्या पोरीने घातलेल्या पहिल्या टाक्याबद्दलही ती असंच म्हणायची.

सोमवारी दोघं निघाली. फाट्यावर एसटीची मंडळी उभी होती. त्यात सखू होती, जी भाजीची पाटी आणि केळीच्या पानांचा भारा घेऊन रोज रत्नागिरीच्या बाजारात जायची आणि एसटीत हफीजाच्या शेजारी बसायची. तिने पोपटी गाडी थांबवलीच. आत डोकं घातलं.

"बाईनू, मागं जागा हाय काय?"

"आहे," युसुफ घाईने म्हणाला, "पण पोरांपुरती."

सखूने तरी बसून बघितलं. गुडघे कानांशी आले. पाटी मांडीवर घेतली तेव्हा तिचं तोंड दिसेनासं झालं. आतून आवाज आला, "दादानू, मला रत्नागिरीला पोचायचं हाय, घडी करून नाय." ती उतरली, आणि जाता जाता हफीजाला म्हणाली, "तुमची जागा मी धरून ठेवते हां. आठवडाच ना?"

मग गाडी पुढे निघाली आणि युसुफ ज्यासाठी वर्षानुवर्षं थांबला होता तो अर्धा-पाऊण तास सुरू झाला.

गाडीत खरोखरच काही आवाज नव्हता. डॉक्टरांनी फसवलं नव्हतं. वळण आलं की दिवा टिकटिक करी तेवढंच. युसुफला डब्याचं झाकण हललेलं ऐकू आलं. हफीजाच्या बांगड्या ऐकू आल्या. काय बोलायचं हे त्याने रात्री ठरवून ठेवलं होतं, पण त्या शांततेत एकेक वाक्य असं उघडं पडत होतं की ते बोलण्याआधीच त्याला लाज वाटू लागली.

"हवा बरी आहे आज," तो म्हणाला.

"हो."

चढ लागला, संपला. सड्यावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं.

"काल पण बरी होती."

"हो," हफीजा म्हणाली, आणि जरा वेळाने आपणच, "उद्याचं सांगता येत नाही."

कुवेतहून तो बूथवरून फोन करायचा तेव्हा अर्धा वेळ "ऐकू येतंय का?" यातच जायचा. उरलेल्या अर्ध्यात सगळी बरी आहेत, पाऊस झाला, पैसे मिळाले. त्याला वाटायचं, नीट ऐकू येत नाही म्हणून बोलणं होत नाही. आता सगळं नीट ऐकू येत होतं. मंगळवारीही ऐकू आलं, बुधवारीही. बुधवारी तर परतीच्या वाटेवर हफीजा आरशात मागे बघते आहे हे त्याच्या लक्षात आलं. मागून लाल एसटी येत होती, आणि खिडकीतून सखूचा हात हलत होता.

घरचीही तऱ्हा निराळी झाली होती. गाडीची तार खिडकीतून पडवीत येई, आणि लोडशेडिंग कधी याची चौकशी सगळं घर ईदचा चंद्र दिसण्यासारखी करी. वीज आली की आधी गाडी, मग मिक्सर. अम्मा पाट्यावर वाटण वाटायला लागली आणि वाटता वाटता गाडीला काहीबाही बोलायला लागली. युसुफ सगळ्यांना सांगे, माफी मुश्किल.

गुरुवारी संध्याकाळी आभाळ भरून आलं. ऑक्टोबरातला पाऊस कोकणात वाजतगाजत येतो. आणि ढगाचा पहिला आवाज झाला की किनाऱ्यावरच्या घराघरांतून एक काम आपोआप होतं: सगळे प्लग उपटायचे. वीज पडून कुणाचा टीव्ही जळालेला असतो, कुणाचा फोन फुटलेला असतो, आणि घरातली जुनी माणसं ते विसरत नाहीत. युसुफ मशिदीत होता. अम्माने टीव्ही काढला, फ्रिज काढला, आणि त्याच ओघात खिडकीतल्या तारेचाही प्लग काढला. पहाटे नमाजाला उठली तेव्हा आभाळ लख्ख होतं, म्हणून तिने सगळे प्लग पुन्हा जिथल्या तिथे लावून टाकले. तिच्या लेखी यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं. जेवणानंतर पान लावतात तसं ते काम.

शुक्रवारी सकाळी युसुफने पाहिलं तर तार लावलेली, पण गाडीतला काटा निम्म्याच्याही खाली. दुसऱ्या कुणालाही शंका आली असती. पण युसुफ जन्माचा ड्रायव्हर, आणि त्याच्या कुवेतच्या बसचा काटा कित्येक वर्षं एकाच जागी अडकलेला होता. काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं. रात्रभर तार लावलेली होती, म्हणजे टाकी भरलेली. काटाच बिघडला.

"काय झालं?" हफीजाने विचारलं.

"माफी मुश्किल."

खाडीकाठचा सपाट रस्ता गाडीने झोकात कापला. करवंदीच्या चढाला ती आधी धावली, मग चालली, मग वजन घेऊन जिना चढणाऱ्या म्हातारीसारखी झाली. आणि थांबली. थांबताना तिने काही आवाज केला नाही, त्यामुळे ती थांबली आहे हे दोघांनाही थोडा वेळ कळलं नाही. युसुफ स्टिअरिंग धरून बसला होता, हफीजा समोर बघत होती. बाजूची करवंदाची जाळी बराच वेळ तीच आहे, हे आधी हफीजाच्या ध्यानात आलं.

"आपण चाललोय का?" तिने विचारलं.

चालली होती, पण मागे. युसुफने हँडब्रेक ओढला. हफीजा पदर खोचून उतरली, कडेचा जांभ्याचा दगड उचलला आणि मागच्या चाकाखाली सारला. इतक्यात खालून एसटी आलीच.

बस थांबली. दारातून कंडक्टर धोंडू उतरला, त्याच्यामागे सखू, आणि मग निम्मी बस. सगळ्यांना आठवडाभर ही गाडी जवळून बघायची होती आणि ती आयती सापडली होती. कुणी आत डोकावलं, कुणी बॉनेट उघडा म्हणालं. भागोजीही होता, तो पुन्हा खाली वाकला. "म्हटलं नव्हतं? गळली," तो समाधानाने म्हणाला. चौघांनी हसत हसत गाडी ढकलून कातळाच्या सपाटीवर लावली. हलकी होती, लग्नाच्या मांडवातली खुर्ची सरकवावी तशी सरकली.

"बाईनू, चला," धोंडू म्हणाला. "जागा हाय तुमची."

हफीजा बसच्या पायरीवर चढली. युसुफ गाडीपाशी उभा राहिला, खिशात हात घालून. वीस वर्षं बस चालवून त्याने एकच उतारू मागितला होता, आणि तो उतारू आता बसमध्ये चढत होता.

हफीजा पायरीवरून वळली. "तुम्ही येताय, की तिच्याजवळ बसून राहताय?"

तो आला.

बस सुरू झाली तशी सगळ्या काचा एकदम खडखडायला लागल्या. इंजिन घरघरत होतं, सखूच्या पाटीतला दुधी कुणाच्या तरी पायाशी गडगडला. आणि युसुफने पाहिलं तर त्याची बायको भलतीच कुणीतरी झाली होती. ती पुढच्या सीटवरल्या पोरीला ओरडून विचारत होती, तुझ्या बाबांचं प्लास्टर निघालं का. सखूने कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं तेव्हा ती मान मागे टाकून हसली. तिच्या हसण्याला असा आवाज आहे हे त्याला माहीत नव्हतं.

मग ती त्याच्याकडे वळली. "बंद का पडली?"

"तेच कळत नाही! तार तर रात्रभर लावलेली होती," तो ओरडून म्हणाला. ओरडल्यावर त्याला बरं वाटलं.

"काल गडगडलं ना," सखू म्हणाली.

हफीजाने कपाळावर हात मारला. "अम्मांनी प्लग काढला असणार. गडगडलं की त्या काढतातच."

"मग मला सांगायचंस!"

"काय सांगायचं? झोयाचे अब्बा, हे कोकण आहे, इथं गडगडलं की प्लग काढतात. घरातल्या माणसाला हे सांगावं लागतं होय?"

"मी होतो का घरात?"

"नव्हतात. तेच म्हणते. नव्हतात तर काय काय सांगत बसायचं तुम्हाला? विहिरीचा पंप जळाला, सांगायचं? वादळात माड पडला, सांगायचं? मला टायफॉइड झाला, सांगायचं?"

"तुला टायफॉइड झाला होता?"

धोंडूने एका तिकिटाला पंच लावलेला, तो दाबायचा राहिला.

"झाला होता तर," सखू म्हणाली. "मी पेज नेऊन देत होते ना. अख्ख्या गाडीला ठाऊक हाय."

युसुफने बसभर नजर फिरवली. सगळ्यांनी होकारार्थी माना हलवल्या. भागोजीनेसुद्धा.

"फोनवर तर बरी आहे म्हणायचीस," तो म्हणाला. आता तो ओरडत नव्हता, म्हणून तिला ऐकू गेलं नाही आणि त्याला तेच पुन्हा ओरडून म्हणावं लागलं.

"मग काय म्हणणार? तिथून काय करणार होतात तुम्ही?"

"काही नाही! पण माहीत तरी असतं! मीही नाही सांगितलं तुला. हे बोट बघ."

त्याने डाव्या हाताची करंगळी पुढे केली. ती वाकडी होती. हफीजाने ती हातात घेऊन उलटसुलट बघितली. "हे दारात अडकलं होतं ना? तुम्हीच सांगितलंत."

"खोटं सांगितलं. बस उलटली होती. वाळूच्या वादळात."

"उलटली होती?" तिने करंगळी सोडली नाही. "आणि तुम्ही दार म्हणालात? म्हणजे तुम्ही खोटं बोलता?"

"आणि तू?"

"मी खोटं नाही बोलले. मी बोललेच नाही."

"बाईंचं बरोबर हाय," मागून एक बाई म्हणाली. "दादांचं पण चुकलेलं नाय," पुरुषांच्या बाजूने कुणीतरी म्हणालं. नाचणे नाक्यापर्यंत बसचे दोन पक्ष पडले. तिथे एक आजोबा चढले, त्यांनी आधी प्रकरण काय ते समजून घेतलं आणि मगच ते बसले.

शाळेच्या थांब्यावर हफीजा उतरली. तोंड लाल झालं होतं, डबा बसमध्ये विसरली होती, तो युसुफने खिडकीतून दिला.

"हे संपलेलं नाही," ती खालून म्हणाली. "पाचच्या गाडीला या."

युसुफ घरी गेलाच नाही. दिवसभर रत्नागिरीच्या स्टँडवरच्या बाकावर बसून तो उत्तरं जुळवत राहिला, आणि पाचच्या आधी जाऊन त्याने खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या.

पोपटी गाडी त्याच संध्याकाळी उताराने घरंगळत, मग ढकलत घरी आली, आणि आठवड्याने नव्हे, दुसऱ्याच दिवशी आपल्या कामाला लागली. मोहल्ल्यापासून फाट्यापर्यंतचा खाडीकाठचा रस्ता लांबलचक, पण सपाट. एसटी तिथे खाली येत नाही, आणि त्या गाडीला तेवढीच वाट बरोबर झेपते. सकाळी युसुफ हफीजाला आणतो, वाटेत एखादी म्हातारी, शाळेची दोन पोरं, सखूची नुसती पाटी. चढाला हात लावायचा नाही. फाट्यावर फणसाखाली गाडी लावायची आणि लाल बसमध्ये चढायचं. विजेची गाडी बरी की एसटी, असं आता त्याला कुणी विचारलं तर तो म्हणतो, गाडीत आम्ही दोघं गप्प बसतो, बरं वाटतं. बोलायला बस आहे.

रत्नागिरीत त्याचं काय काम असतं, असं लोक मोहल्ल्यात विचारतात, पण बसमध्ये कुणी विचारत नाही. भांडण रोज असतं, आणि ते शिस्तीत चाललं आहे. तो गेला त्या सालापासून सुरुवात झाली. एक साल पुरं झाल्याखेरीज पुढचं घ्यायचं नाही, असा हफीजाचा दंडक आहे. तिने काय सांगितलं नाही ते आधी, त्याने काय सांगितलं नाही ते नंतर. कधी ओरडून होतं, कधी हसून, आणि एकदा, झोया लहान असताना आजारी पडली त्या सालात, दोघंही तीन थांबे काही बोललीच नाहीत, तेव्हा धोंडूने पुढे जाऊन ड्रायव्हरला हळू घ्यायला सांगितलं.

परवा सखू लेकीच्या बाळंतपणाहून आठवड्याने परतली. फाट्यावर बसमध्ये चढली, पाटी सीटखाली सारली, आणि पदराने तोंड पुसत धोंडूला विचारलं, "कुठवर आली वो ही?"

"ब्याण्णवात हायत," धोंडू पंच वाजवत म्हणाला. "बसा लवकर, टायफॉइड येतोय."